तारापूरची अनामत

८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये भारत आणि अमेरिका यांनी एका करारावर सह्या केल्या. त्या करारातून तारापूरचे अणुऊर्जा केंद्र उभे राहिले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन अणुभट्ट्या बांधल्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांची वीज व्यापारी तत्त्वावर वाहू लागली. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता आणि बोईसर हे पश्चिम रेल्वेवरचे एक लहान स्टेशन. आज पन्नाशी उलटलेल्या इथल्या माणसाला विचारले, तर तो सांगेल की 'ॲटॉमिक' आले आणि सगळे बदलले.

या केंद्राचा इतिहास सहसा विजेचा आणि राजकारणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला इथे त्याच्या पाण्याचा इतिहास सांगायचा आहे. समुद्राच्या पाण्याचा नव्हे, भिंतीआड काँक्रीटच्या हौदात साठवलेल्या पाण्याचा. अणुभट्टीतून बाहेर काढलेले वापरलेले इंधन त्या पाण्याखाली ठेवतात. हे इंधन पाण्यात विरघळते का? विरघळत नसेल तर का नाही, आणि कधी विरघळू शकते? आपल्या भागात हा प्रश्न अफवेच्या रूपात अनेकदा ऐकू येतो. शास्त्राच्या रूपात तो फारसा कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

आधी हे इंधन तिथे का साठले ते पाहू. १९६३ च्या करारानुसार तीस वर्षे अमेरिका समृद्ध युरेनियम देणार होती. ते हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये येई, तिथे त्याच्या गोळ्या आणि नळ्या तयार होत आणि त्या तारापूरला येत. वापरून झालेल्या इंधनावर भारतात प्रक्रिया करायची, तर तिथली देखरेख पुरेशी आहे असे दोन्ही देशांनी मिळून ठरवायचे होते. भारताने त्यासाठी तारापूरलाच इंधन-प्रक्रिया प्रकल्प बांधला. पण मे १९७४ मध्ये पोखरणला अणुस्फोट झाला आणि वातावरण पालटले. १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला आणि इंधनाचा पुरवठा अडखळू लागला. १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठ्याची जबाबदारी घेतली. पुढे १९९५ मध्ये चीनचे आणि २००१ मध्ये रशियाचे इंधन आले.

नवे इंधन कुठून ना कुठून मिळत राहिले. जुन्याचे काय? अमेरिकेने प्रक्रियेला संमती दिली नाही आणि ते परतही नेले नाही. हौद भरत गेले, म्हणून १९९० च्या दशकात साठवणुकीची जागा वाढवावी लागली. ऑक्टोबर १९९३ मध्ये कराराची तीस वर्षे संपली. त्यानंतर या इंधनावर कोणाचा किती हक्क, याबद्दल दोन्ही देशांची मते वेगळी होती. तरी १९९४ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी नवा करार करून तारापूरवरची देखरेख चालू ठेवली. ज्याच्यावर दोघे हक्क सांगतात आणि ज्याचे ओझे तिसऱ्याच्या दारात आहे, अशी ही वस्तू अनेक दशके पाण्याखाली राहिली.

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे एक शब्द इथे मला सोडत नाही. बँकेत किंवा घरमालकाकडे आपण 'अनामत' ठेवतो. हा मराठी शब्द मुळात अरबी 'अमानत' आहे. फारसी-उर्दूतून मराठीत येताना त्यातल्या अक्षरांनी जागा बदलल्या. अर्थ मात्र तोच राहिला: दुसऱ्याची वस्तू, जी जशी दिली तशी सांभाळायची आणि वेळ येताच परत करायची. तारापूरचे इंधन ही अशीच अनामत आहे. फरक एवढाच, की ती मागायला येणारी माणसे अजून जन्मलेली नाहीत.

आता ही वस्तू नेमकी कशी आहे ते पाहू. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत इंधनाच्या प्रत्येकी २८४ जुड्या बसतात. सुरुवातीच्या प्रत्येक जुडीत सहा गुणिले सहा, म्हणजे ३६ नळ्या होत्या. नळी झिरकॅलॉय नावाच्या मिश्रधातूची. तिच्यात युरेनियम डायऑक्साइडच्या छोट्या, काळ्या, भाजलेल्या मातीसारख्या घट्ट गोळ्या एकावर एक रचलेल्या. भट्टीत या गोळ्यांमधले युरेनियमचे अणू फुटतात, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ थेट टर्बाइनकडे जाते. काही वर्षांनी जुडी बाहेर काढतात. तेव्हाही तिच्यात बहुतांश युरेनियमच असते. त्याच्या जोडीला थोडे प्लुटोनियम आणि सीझियम, स्ट्रॉन्शियम यांसारखी तीव्र किरणोत्सारी मूलद्रव्ये तयार झालेली असतात. जुडी बाहेर काढल्यावरही तापत राहते आणि किरण सोडत राहते. म्हणून ती खोल पाण्यात ठेवतात: पाणी उष्णता वाहून नेते आणि पाण्याचा जाड थर किरण अडवतो.

हे रसायन समजायला शाळेतले दोन शब्द पुरेत: ऑक्सिडीकरण आणि क्षपण. इंधनाच्या गोळीतले युरेनियम चार संयुजेच्या अवस्थेत असते. या अवस्थेत ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एका लिटर शुद्ध पाण्यात जेमतेम मायक्रोग्रॅमभर, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पण त्याच युरेनियमचे ऑक्सिडीकरण होऊन ते सहा संयुजेचे झाले, तर ते हजारो पटींनी अधिक विरघळते. पाण्यात कार्बोनेट असेल, जसे भूजलात असते, तर आणखी सहज. मग साधा प्रश्न उरतो: स्वच्छ, थंड पाण्यात हे ऑक्सिडीकरण कोण करणार?

उत्तर असे, की ते पाणीच करते. आणि पाण्याला ते करायला लावतात इंधनातून निघणारे किरण.

ही गोष्ट माणसाला प्रथम १९०२ च्या सुमारास दिसली. जर्मनीत ब्राउनश्वाइग इथल्या क्विनाइनच्या कारखान्यात फ्रीडरिश गीझेल नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत. रेडियम शुद्ध करण्यात त्यांचा हातखंडा होता. रेडियम ब्रोमाइड पाण्यात विरघळवून ठेवले, की त्यातून सतत वायूचे बुडबुडे निघतात, हे त्यांच्या लक्षात आले. ना वीज सोडली होती, ना उष्णता दिली होती, तरी पाणी फुटत होते. १९१४ मध्ये मादाम क्युरींचे सहकारी आंद्रे दबियेर्न यांनी सुचवले, की किरणांमुळे पाण्याच्या रेणूचे हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल असे तुकडे होत असावेत. हे तुकडे म्हणजे आज ज्यांना मुक्त मूलक म्हणतात ते. त्यांचे आयुष्य क्षणाच्या लहानशा अंशाएवढे, पण तेवढ्यात ते समोर येईल त्याच्याशी अभिक्रिया करतात. एकमेकांशी जुळले, तर हायड्रोजन वायू आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. जखम धुतल्यावर ज्याचा फेस येतो, तेच पेरॉक्साइड.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रयोगशाळेतला कुतूहलाचा विषय एकदम गरजेचा झाला. अमेरिकेत पाण्याने थंड होणाऱ्या अणुभट्ट्या बांधायच्या होत्या आणि किरणांच्या माऱ्यात ते पाणी टिकेल का, हे कोणालाच माहीत नव्हते. तिथे ऑगस्टिन ॲलन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले, की बंद भांड्यातले अगदी शुद्ध पाणी गॅमा किरणांखाली फारसे बिघडत नाही. जेवढे फुटते, तेवढे पुन्हा जुळते. मात्र पाण्यात मीठ-माती मिसळली, हायड्रोजन निसटून गेला किंवा किरण अल्फा प्रकारचे असले, तर जुळणी मागे पडते आणि पेरॉक्साइड साठू लागते.

पुढचे सगळे याच निष्कर्षावर उभे आहे. तारापूरच्या भट्टीत पाणी उकळते, आणि वाफेबरोबर हायड्रोजन व काही ऑक्सिजन निघून जातो. म्हणून त्या जातीच्या भट्ट्यांतले पाणी ऑक्सिडीकरण करणारे होते आणि पोलादी नळांनाही त्रास देते. हौदात पाणी उकळत नाही, क्षार काढून ते अतिशुद्ध ठेवतात, म्हणून तिथे परिस्थिती पुष्कळ शांत असते. पण जिथे इंधनाची गोळी उघडी पडून पाण्याला टेकेल, तिथे अल्फा किरणांचे काम सुरू होते. अल्फा कण पाण्यात जेमतेम ०.०४ मिलिमीटर जातो, केसाच्या जाडीहूनही कमी. त्याची सारी शक्ती गोळीला चिकटलेल्या त्या पातळ थरात खर्च होते. पेरॉक्साइड तिथेच तयार होते, आणि समोर असते युरेनियम.

उर्दूत आम्लाला 'तेज़ाब' म्हणतात, आणि हा शब्द मराठीलाही ओळखीचा आहे. तेज म्हणजे धारदार, आब म्हणजे पाणी. वापरलेले इंधन आपल्याभोवतीच्या पाण्याला असाच तेजाब बनवते: रसायनशास्त्राच्या अर्थाने आम्ल नव्हे, पण शब्दशः धार आलेले पाणी. आणि ते डोळ्यांना कळत नाही. वुजूच्या पाण्याबद्दल आपण लहानपणी शिकतो, की रंग, वास आणि चव बदलली का ते पाहावे. या पाण्यात तिन्ही जसेच्या तसे असू शकतात. इथे मीटर आणि नोंदवही यांच्यावाचून परीक्षा नाही.

तारापूरच्याच आवारात याच्या अगदी उलटे कामही चालते. तिथल्या इंधन-प्रक्रिया प्रकल्पात भारतीय बनावटीच्या, देखरेखीच्या अटींत न अडकलेल्या इंधनावर प्रक्रिया करण्यासाठी त्याचे तुकडे करून ते तापलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये, म्हणजे उर्दूतल्या 'शोरे के तेज़ाब'मध्ये, मुद्दाम विरघळवतात. नायट्रिक ॲसिड युरेनियमचे ऑक्सिडीकरणही करते आणि त्याला पोटातही घेते. मग युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढतात. उरलेला अतितीव्र कचरा वितळलेल्या काचेत मुरवून, थंड करून, हवेने गार राहणाऱ्या कोठारात ठेवतात. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे इंधन विरघळावे म्हणून धडपड, पलीकडे ते विरघळू नये म्हणून. दोन्हीकडे नियम एकच: युरेनियम चारवर राहिले तर टिकते, सहावर गेले तर जाते.

हा नियम पाळला गेला नाही, तर काय होते? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला, कोलंबिया नदीजवळच्या 'के' हौदांत सुमारे २,१०० टन वापरलेले इंधन वर्षानुवर्षे पडून होते. ते तारापूरसारखे ऑक्साइडचे नव्हते, युरेनियम धातूचे होते, आणि धातू पाण्यात फार लवकर गंजतो. त्यातल्या पूर्वेकडच्या हौदात इंधनाचे डबे वरून उघडे होते. नळ्या फुटल्या, इंधन गंजले, तळाशी किरणोत्सारी गाळ साचला. इंधन काढायला २००४ साल उजाडले आणि गाळ उपसायला त्याहून पुढे बरीच वर्षे गेली. त्या गाळात शास्त्रज्ञांना स्टडटाइट नावाचे पिवळे खनिज सापडले. हे खनिज १९४७ मध्ये कांगोतल्या शिंकोलोब्वे खाणीतून प्रथम नोंदले गेले होते. त्याच्या रचनेतच पेरॉक्साइड असते. चेर्नोबिलच्या उद्ध्वस्त भट्टीत थिजलेल्या इंधनाच्या लाव्ह्यावरही ते उगवलेले दिसले. किरणांनी पाण्यातून पेरॉक्साइड काढले आणि पेरॉक्साइडने युरेनियमला गाठले, याची ती पिवळी पावतीच.

आणि नियम पाळला गेला, तर काय होते? याचे उत्तर निसर्गाने दिले आहे. १९७२ मध्ये आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातल्या ओक्लो खाणीच्या युरेनियममध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांना एक विसंगती दिसली: फुटणारे युरेनियम असायला हवे त्याहून कमी होते. शोध घेतल्यावर कळले, की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे जमिनीखाली आपोआप अणुभट्ट्या पेटल्या होत्या, आणि त्या चालायला भूजलच कारण झाले होते. भट्ट्या विझल्या, पण त्यांचे युरेनियम ऑक्साइड बहुतांशी जागेवरच राहिले. कारण भोवतीच्या खडकांत सेंद्रिय द्रव्य होते, ऑक्सिजन नव्हता. म्हणजे परिस्थिती क्षपणाची होती. किरणांनी पाणी तिथेही फोडले, पण त्याची धार टिकू दिली गेली नाही.

स्वीडन आणि फिनलंड यांनी हाच धडा घेतला. चारशे-पाचशे मीटर खोल ग्रॅनाइटमध्ये, तांब्याच्या जाड डब्यात, आत लोखंडाचा गाभा ठेवून इंधन पुरायचे, असा त्यांचा आराखडा आहे. समजा हजारो वर्षांनी डबा फुटला आणि पाणी आत गेले, तर आधी लोखंड गंजेल. ऑक्सिजनविना गंजताना लोखंड पाण्यातून हायड्रोजन सोडते. एरवी हा हायड्रोजन आळशी वायू. पण वापरलेल्या इंधनात मॉलिब्डेनम, रुथेनियम, पॅलेडियम अशा धातूंचे अतिसूक्ष्म कण तयार झालेले असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन कामाला लागतो. तो पेरॉक्साइडला निष्प्रभ करतो आणि ऑक्सिडीकरण होऊ पाहणाऱ्या युरेनियमला पुन्हा मूळ अवस्थेत आणतो. ज्याला आपण गंज म्हणून नावे ठेवतो, तोच तिथे पहारा देतो. अशा परिस्थितीत वर्षाला इंधनाचा दहा लाखावा ते दहा कोटीवा भाग विरघळेल, असे स्वीडनचे सुरक्षा-हिशेब धरून चालतात.

आता तारापूरकडे परत येऊ. त्या हौदांना ग्रॅनाइटची खोली नाही, लोखंडाचा गाभा नाही. तिथे इंधन आणि पाणी यांच्यात आहे ती झिरकॅलॉयची नळी. ती शाबूत असेपर्यंत पाणी गोळीला शिवतच नाही, आणि शुद्ध पाण्यात झिरकॅलॉय फार चांगला टिकतो. पण केंद्राच्या सुरुवातीच्या वर्षांत भट्टीत असतानाच पुष्कळ नळ्यांना छिद्रे पडली होती, हे अणुऊर्जेच्या इतिहासात नोंदलेले आहे. फुटलेल्या नळीतून पहिल्यांदा युरेनियम बाहेर येत नाही. गोळी आणि नळी यांच्यामधल्या फटीत साचलेले सीझियम आधी निसटते, कारण ते पाण्यात सहज विरघळते. म्हणून हौदाच्या पाण्यातले सीझियम हा पहिला निरोप असतो, आणि त्यासाठीच ते पाणी सतत गाळून, आयन काढून, तपासून ठेवावे लागते.

यातून दोन गोष्टी निघतात. 'हौदातले सगळे विष एक दिवस विरघळून समुद्रात जाणार' ही आपल्याकडची भीती रसायनशास्त्राच्या कसोटीवर उतरत नाही. युरेनियम डायऑक्साइड इतक्या सहज हार मानणारा पदार्थ नाही. पण 'ते पाण्याखाली आहे, म्हणजे कायमचे निवांत आहे' हेही खरे नाही. हौद ही टिकणारी जागा आहे, विसरण्याची जागा नाही. तिथली सुरक्षितता माणसे रोज नव्याने तयार करतात: पंप चालवून, पाणी शुद्ध ठेवून, क्लोराइड आणि सीझियम मोजून, नोंद करून. हॅनफर्डला रसायनशास्त्र माहीत नव्हते असे नाही. तिथे ठेवलेली वस्तू आज ना उद्या हलवू म्हणत लोक थांबत गेले, आणि पाणी थांबले नाही.

म्हणून आपण विचारायचे प्रश्नही बदलायला हवेत. 'धोका आहे की नाही' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर मिळते आणि संवाद तिथेच संपतो. त्यापेक्षा विचारावे: हौदांतल्या पाण्याच्या मोजण्या लोकांना समजतील अशा स्वरूपात जाहीर होतात का? फुटक्या नळ्यांच्या जुड्या वेगळ्या ठेवल्या आहेत का? जुने इंधन हौदात अजून किती वर्षे राहणार, आणि पुढे कुठे जाणार? हे प्रश्न देशद्रोहाचे नाहीत आणि घबराटीचेही नाहीत. आपल्या मुलांनी आठवी-नववीत ऑक्सिडीकरण शिकलेले असते. तेवढ्या ज्ञानावर हे प्रश्न उभे राहतात.

ते विचारण्याचा पहिला हक्क कोणाचा, हेही इतिहासात लिहिलेले आहे. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. १९६३ च्या करारावर त्यांच्यापैकी कोणाची सही नव्हती, आणि घिवलीपासून दांडीपर्यंतच्या मच्छीमारांचीही नव्हती. सह्या करणाऱ्यांपैकी आज कोणी हयात नसेल. करार संपला, पण त्यातून जन्मलेली वस्तू संपलेली नाही आणि ती या लोकांच्या शेजारी आहे.

सीरत वाचणाऱ्यांना एक प्रसंग माहीत असतो. इ.स. ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्का सोडावी लागली, तेव्हा मक्केच्या लोकांच्या अमानती त्यांच्याकडे होत्या. जे लोक त्यांच्या जिवावर उठले होते, त्यांच्यातल्याही अनेकांचा ऐवज त्यांत होता, कारण विश्वासू म्हणून त्यांचे नाव 'अल-अमीन' असेच होते. भांडण झाले म्हणून अमानत बुडाली असे त्यांनी मानले नाही. हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, आणि प्रत्येकाची वस्तू प्रत्येकाला पोचल्यावरच ते मदिनेला निघाले. अमानतीचा नियम देणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून नसतो, तो सांभाळणाऱ्याला लागू असतो.

तारापूरच्या इंधनावरून दिल्ली आणि वॉशिंग्टन यांच्यात तीन दशके वाद चालला: ते कोणाचे, परवानगी कोणाची, अट कोणाची. या सगळ्या काळात पाण्याने कोणाचीच बाजू घेतली नाही. किरण पडले की ते फुटते, धार धरते, संधी मिळाली की युरेनियमला चारवरून सहावर नेते. त्याला करार वाचता येत नाही. ते थोपवून धरले ते हौदावर पाळीपाळीने काम करणाऱ्या माणसांनी, त्यातली कितीतरी याच जिल्ह्यातली. अनामत सांभाळण्याचे हे काम सीझियमच्या बाबतीत काही शतकांचे आहे आणि प्लुटोनियमच्या बाबतीत हजारो वर्षांचे. ते पुढच्या पाळीच्या हाती देताना वस्तूबरोबर तिचे ज्ञानही द्यावे लागेल, आणि ते आपल्या भाषेत असावे लागेल.